चावी काढल्यावर

चावी माझ्या हातात
आणि इंजिन चालूच.
बोपोडीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रात्री साडेनऊला
अठ्ठावीस वर्षांची डिझेल मर्सिडीज धडधडतेय
आणि दुसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी कुलथे विचारतायत,
"गोडांबे, आज झोपायचं का आम्ही?"

मग बॉनेट उघडायचं, आतला खटका दाबायचा.
एक आचका देते, गप्प होते.
यासीनमिस्त्री म्हणतो, हिला थांबवते ती वायर नाही, व्हॅक्यूम.
तोच चारी दारांची कुलपं ओढतो.
कुठेतरी करंगळीहून बारीक नळीला चीर गेलीय
आणि गाडीपर्यंत निरोप पोचत नाहीये.

दीड लाखाला घेतली.
भोसलेनगरात एका बंगल्याच्या चिंचेखाली
नऊ पावसाळे उभी होती.
बाईंनी पैसे मोजले नाहीत. म्हणाल्या,
"मागच्या सीटच्या फटीत यांचा चष्मा असेल,
मिळाला तर आणून द्या."
काडी मिळाली, एकच. नेऊन दिली.
त्यांनी ती ओळखली नाही.

मुलाची गाडी बॅटरीची.
कधी आली, कधी गेली, कळत नाही.
माझी वळणावर असते
तेव्हाच आमची कुत्री उठून बसतात.
वायपर एकच, तो काचेच्या कोपऱ्याशी
पाऊल जरा लांब टाकतो,
साडी सावरत डबकं ओलांडावं तसा.
किलोमीटरचा आकडा कधीचा थांबलाय.
बायको म्हणते, बरं आहे, एकाचं तरी वय वाढत नाही.

सांगायचं राहिलं. ही पिंपरीची.
ही लाइनवरून गेली तेव्हा मी दारांवर होतो.
रबर अंगठ्यानं दाबत न्यायचं,
दार लावायचं, कान द्यायचा.
"खट्" नको. "थप्" आलं पाहिजे.
हातात सुती मोजे, घड्याळ लॉकरमध्ये,
पट्ट्याच्या बकलावर कापड.
आत बसायची परवानगी नव्हती.
फोरमन लुकतुके म्हणायचे,
ओरखडा म्हणजे तुझा सहा महिन्यांचा पगार.

रविवारी जुन्या बाजारात नळी नव्हती.
बॉनेटवरची चांदणी मात्र मिळाली,
बहुधा माझीच, सिग्नलला मोडून नेलेली.
चारशे म्हणाला, तीनशेला सोडवली.
नाना पेठेत तीन दुकानांनी मान हलवली.
शेवटी नळी मिळाली ती माशांच्या दुकानात,
टाकीत बुडबुडे सोडतात ती.
यासीन म्हणाला, चालेल की,
मासा काय न् गाडी काय.

डाव्या मागच्या दाराचं पॅनेल काढलं.
अकरा क्लिपा, सात तुटल्या.
आत टॉर्च मारला.
आम्ही मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायचो, मी त्रिकोण.
घेतली तेव्हापासून मनात होतं, कुठेतरी असेल.
तिथे दोन आडव्या रेघा होत्या.
हणमगोंडच्या.
डबा उघडायच्या आधी जो सगळ्यांना विचारायचा,
"आज मिरची किती?"
ज्या वर्षी यादी लागली
त्या कागदावर आम्ही वरखाली होतो,
स्वेच्छा निवृत्ती, सही इथे.
तो अक्कलकोटकडे गेला. नंबर आहे, लागत नाही.
रेघांवरची धूळ पुसायला फडकं उचललं,
मग राहू दिलं.

साडेचारला अजून जाग येते.
पहिल्या पाळीची बस पावणेसहाची,
आता ती आमच्या रस्त्यानं येतसुद्धा नाही.

काल नळी बसवली, पॅनेल चार क्लिपांवर टांगलं.
आत बसून दार ओढलं. थप्.
इंजिन चालू केलं, दोन मिनिटं गरम होऊ दिलं,
चावी फिरवली.
थांबलं. लगेच.
कुलथ्यांची खिडकीसुद्धा उघडली नाही.
चावी मुठीत धरून मी तसाच बसून राहिलो
बराच वेळ.
मग परत लावली.